बाहेर फक्त 33 डिग्री, तरी एसीचं बिल एवढं का? उष्णता आणि तापमानाचा हिशोब

पणजीहून एका गृहस्थांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी अकरावीत आहे, तिला उष्णता, तापमान आणि थर्मल एनर्जी यातला फरक हवाय आणि यांना तो सांगता येईना. वर त्यांची स्वतःची तक्रार वेगळीच. बहीण नागपूरला असते, तिकडे मे महिन्यात 44 डिग्री आणि ते लोक कूलरवर भागवतात, आमच्याकडे पारा 33-34 च्या वर क्वचित जातो तरी एसीशिवाय झोप नाही आणि बिल बघून घाम फुटतो तो वेगळा, हे कसं काय?

मी आयुष्यभर रेफ्रिजरेशनचंच काम केलंय, बर्फाच्या फॅक्टऱ्या, मासळीच्या कोल्ड रूम, हॉटेलांचे मोठे एसी प्लांट. त्यामुळे मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की तुमच्या बिलाचं कोडं आपोआप सुटतं.

एका वाक्यात सांगायचं तर तापमान फक्त एवढंच सांगतं की उष्णता कुठून कुठे जाणार, जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे, बस. किती जाणार ते तापमान सांगत नाही. आणि बिल येतं ते 'किती'चं.

आता जरा नीट बघू. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यातले कण कधीच स्वस्थ नसतात. लोखंडात ते जागच्या जागी थरथरतात, पाण्यात एकमेकांवरून घसरत राहतात, आणि तुम्ही आता ज्या हवेत बसलायत त्या हवेतले नायट्रोजनचे कण सेकंदाला साधारण 500 मीटर वेगाने धावतायत, एकमेकांना धडकतायत. एका कणामागे ह्या धावपळीची सरासरी एनर्जी किती, त्याचं माप म्हणजे तापमान. सगळ्या कणांच्या हालचालीची, अधिक त्यांच्या आपसातल्या ओढीत जी एनर्जी गुंतलेली असते तिची, अशी एकूण बेरीज म्हणजे थर्मल एनर्जी, पुस्तकात बहुतेक आंतरिक ऊर्जा असं असेल. आणि तापमानात फरक आहे म्हणून एका वस्तूकडून दुसरीकडे जी एनर्जी जाते, ती जाता जाता उष्णता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं बघा ना, माणशी सरासरी खिशात किती पैसे ते तापमान, सगळ्या बाजारातले मिळून किती ती थर्मल एनर्जी, आणि ह्या हातातून त्या हातात गेले ती उष्णता. म्हणून काटेकोर बोलायचं तर 'ह्या भांड्यात खूप उष्णता आहे' हे चूक, भांड्यात थर्मल एनर्जी असते, उष्णता भांड्यातून निघते किंवा भांड्यात येते. परीक्षेत मुलीने हे लिहावं, घरात बोलताना कोणी एवढं बघत नाही, मी पण नाही.

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, फोर्न (भट्टी) पेटलेला बघितला असेल तर हा फरक चटकन कळतो. आतली हवा 200 डिग्रीच्या घरात असते, तरी पोदेर हात आत घालून पाव सरकवतो, क्षणभर हात हवेत गेला म्हणून काही होत नाही. तोच हात त्याच 200 डिग्रीच्या लोखंडी ट्रेला लागला तर लगेच फोड. तापमान दोन्हीचं एकच! पण एक लिटर तापलेल्या हवेचं वजन ग्रॅमभर सुद्धा नाही, ती तुमच्या हाताइतकी निवेपर्यंत जेमतेम 0.12 किलोज्यूल (किलोज्यूल हे एनर्जीचं माप) देणार, आणि एक किलोचा ट्रे तेवढाच निवताना 70 च्या वर देणार, म्हणजे जवळजवळ 600 पट. शिवाय लोखंड आपली उष्णता पटापट आतून पुढे ढकलतं, हवा फार सावकाश देते. थर्मामीटरला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणजे 'किती' हे तीन गोष्टींवर ठरतं, वस्तू किती किलो, ती कशाची, आणि तापमान किती बदललं. कशाची, याला स्पेसिफिक हीट म्हणतात, एक किलोला एक डिग्री तापवायला किती किलोज्यूल लागतात ते. पाण्याला 4.19, खोबरेल तेलाला साधारण 2, ॲल्युमिनियमला 0.9, लोखंडाला 0.45, तांब्याला 0.39. पाणी ह्या बाबतीत अगदी राक्षस आहे. आंघोळीची 20 लिटरची बादली 27 वरून 42 डिग्रीला न्यायची तर 1257 किलोज्यूल, म्हणजे 0.35 युनिट वीज (एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल). तेवढीच उष्णता 20 किलो लोखंडाला दिली तर ते 140 डिग्रीने तापेल. आणि गंमत अशी की तेवढ्याच एनर्जीत एक टन वजनाची गाडी सरळ 128 मीटर उंच उचलता येईल. एक बादली कोमट पाणी! मला अजून ह्या आकड्याची मजा वाटते. उष्णतेच्या मानाने आपली अंगमेहनत फार किरकोळ असते, म्हणूनच हात चोळून पाणी उकळत नाही.

हे मेहनत आणि उष्णतेचं नातं लोकांना कळायला फार उशीर लागला. अठराव्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ, लव्हॉझिए धरून, उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असं मानायचे, कॅलॉरिक म्हणायचे त्याला. मग रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने म्युनिकला तोफांना भोक पाडताना बघितलं की घासत राहाल तोवर उष्णता निघतच राहते, संपतच नाही, 1798 मध्ये त्याने ते मांडलं. द्रव असता तर कधीतरी संपला असता की. पुढे जूलने 1840 च्या दशकात वजन खाली सोडून पाण्यात चक्र फिरवलं आणि पाणी किती तापतं ते मोजलं. धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायचा खटाटोप त्याने केला अशीही एक गोष्ट सांगतात. आपल्या दूधसागरवर हिशोब करून बघा, उंची साधारण 310 मीटर, पडलेल्या पाण्याची सगळी एनर्जी त्याच पाण्यात उरली तर ते तापणार फक्त 0.7 डिग्रीने, आणि तुषार उडून बाष्पीभवनाने थंड होतं ते वेगळंच, त्यामुळे तिथे थर्मामीटर घेऊन जाऊ नका, नुसते फोटो काढा.

वजनाचा मुद्दा स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांना रोज भोगावा लागतो. 10 सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला 240 किलो. 100 चौरस मीटरचं छप्पर दिवसभराच्या उन्हात सरासरी 10 डिग्रीने वर चढलं तर त्यात साधारण 58 युनिटइतकी एनर्जी साठते. सगळी खाली येत नाही, बरीच रात्री वरच्या वर आकाशाकडे निघून जाते, पण जी खाली येते ती रात्री अकरा-बारापर्यंत येत राहते, म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात बाहेर वारा सुटलाय आणि खोली मात्र भट्टी. जुन्या घरांची मंगळुरी कौलं हलकी, ऊन गेलं की लगेच निवतात, आणि चिऱ्याच्या जाड भिंती एवढ्या सावकाश तापतात की आतल्या बाजूला ऊब पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. आपल्या आजोबांना स्पेसिफिक हीट माहीत नव्हती पण घर कसं बांधायचं ते माहीत होतं. असो, तो विषय काढला तर मी थांबणार नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यावर माझं आयुष्य गेलं. उष्णता दिली की तापमान वाढतं, असं सगळे धरून चालतात, आणि अर्ध्या वेळा ते खोटं असतं.

0 डिग्रीचा एक किलो बर्फ घ्या, त्याचं 0 डिग्रीचंच पाणी करायला 334 किलोज्यूल लागतात. एवढ्या वेळात थर्मामीटर शून्यावरून हलत नाही. तेवढीच उष्णता त्याच एक किलो पाण्याला दिली तर ते 0 वरून 80 डिग्रीला जाईल! मग बर्फ वितळताना एनर्जी गेली कुठे, तर बर्फातले कण एकमेकांना धरून बसलेले असतात, ती पकड सोडवण्यात गेली. कणांची धावपळ वाढली नाही म्हणून तापमान वाढलं नाही, पण थर्मल एनर्जी वाढली. हिलाच लेटंट हीट म्हणतात, लपलेली. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने 1760 च्या सुमारास हे पहिल्यांदा नीट मोजलं. त्याचं म्हणणं साधं होतं, की शून्याला पोचल्यावर जरा उष्णता मिळाली की सगळा बर्फ वितळत असता, तर दर वसंतात डोंगरावरचा बर्फ एका झटक्यात पाणी होऊन खाली गावंच्या गावं वाहून गेली असती.

मालिम किंवा कुटबणच्या मासळीच्या जेटीवर सकाळी जाऊन बघा, सगळा धंदा ह्या 334 वर चाललाय. 10 किलो मासळी, 30 डिग्रीची, तिला शून्याला आणायची तर साधारण 1080 किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे सव्वातीन किलो बर्फ पुरे. मग लोक मासळीइतकाच बर्फ का घालतात? कारण बाकीचा बर्फ मासळीसाठी नसतोच, तो क्रेटमधून, ट्रकच्या पत्र्यातून, झाकण उघडल्यावर आत शिरणाऱ्या हवेतून जी उष्णता येत राहते ती गिळायला असतो. आणि बर्फ आहे तोवर आतलं तापमान शून्याच्या आसपासच राहतं, शेवटचा खडा वितळला की मग चढायला लागतं. म्हणूनच क्रेटमध्ये नुसतं थंडगार पाणी भरून भागत नाही, ते पहिल्या मिनिटापासून तापायला लागतं. लादी फोडून चुरा का करतात तेही ह्यातच आलं, एकूण उष्णता लादी आणि चुरा दोन्ही तेवढीच घेणार, पण चुऱ्याला पृष्ठभाग जास्त म्हणून पटकन घेतो. किती आणि किती लवकर, हे पण वेगळे प्रश्न, आमच्या लाइनमध्ये नवीन पोरं इथेच गोंधळतात.

एसी 'दीड टनचा' म्हणतो ते टन सुद्धा बर्फाचंच आहे, वजनाचं नाही. 24 तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी काढायची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकन, 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलो, हिशोब येतो 3.517 किलोवॅट. दीड टन म्हणजे साधारण 5.3 किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची ताकद.

वितळण्याची गोष्ट 334 ची, पण वाफेची त्याहून कितीतरी मोठी. एक किलो पाण्याची 100 डिग्रीला वाफ करायला 2257 किलोज्यूल. आणि वाफेचं परत पाणी झालं की ही सगळी रक्कम ती परत देते, एक पैसा कमी नाही. मार्च ते मे काजूच्या दिवसांत भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळतात तिथे, गेलात तर बघा, भाणातून (रस उकळायच्या भांड्यातून) निघालेली वाफ थंड करायला किती पाणी लागतं. उर्राक म्हणजे पहिल्यांदा गाळलेली हलकी दारू, तिच्यात पाणीच जास्त, त्यामुळे एक लिटर उतरायला ढोबळ 2000 किलोज्यूल निघतात असं धरा, तेवढ्यात 10 लिटर पाणी 47-48 डिग्रीने तापतं. म्हणून थंड करायचं पाणी सारखं बदलावं लागतं आणि चांगला भाटीवाला जाळाइतकंच ह्या पाण्याकडे लक्ष ठेवतो, पाणी तापलं की वाफ पुरती पाणी होत नाही आणि माल हवेत जातो. वाफेने भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतं ते पण ह्याचमुळे, अंगावर पाणी होताना ती ही सगळी उष्णता कातडीला देऊन टाकते.

आता तुमचं बिल. हवेत पाण्याची वाफ असते आणि पणजीच्या हवेत ती भरपूर असते. 33 डिग्री आणि 70 टक्के ह्युमिडिटी धरा, एक किलो हवेत साधारण 22 ग्रॅम वाफ येते. खोलीत तुम्हाला 24 डिग्री आणि 55 टक्के हवेत, त्यात मावते साधारण 10 ग्रॅम. म्हणजे बाहेरची प्रत्येक किलो हवा आत आली की तिला 9 डिग्री थंड करायला 9 किलोज्यूल, आणि जास्तीची 12 ग्रॅम वाफ कॉइलवर, म्हणजे एसीतल्या थंड नळ्यांवर, पाणी करून काढायला जवळजवळ 30 किलोज्यूल. एकूण 39, त्यातले तीन चतुर्थांश तापमानासाठी नव्हेतच!

नागपूरची हवा घ्या, 44 डिग्री आणि 15 टक्के ह्युमिडिटी. किलोमागे वाफ जेमतेम 9 ग्रॅम, म्हणजे तुमच्या एसीच्या खोलीत आहे त्याहून पण कमी. काढायची वाफ शून्य, नुसती 20 डिग्री थंड करायची, 20 किलोज्यूल. म्हणजे तिकडची 44 ची हवा गार करायला पणजीच्या 33 च्या हवेपेक्षा निम्मी उष्णता काढावी लागते. आता लगेच असं समजू नका की तिकडचं बिल निम्मं येतं, तिकडे ऊन आणि तापलेल्या भिंती आपल्यापेक्षा जास्त छळतात आणि तो सगळा भार एसीला वाहावाच लागतो. पण दारं-खिडक्यांच्या फटींतून जी हवा येते तिच्यापुरता हा हिशोब खरा आहे, आणि गोव्यातल्या घरांत फटींना तोटा नाही.

कूलरचं पण हेच. कूलर पाण्याची वाफ करतो, त्याला लागणारी उष्णता हवेतूनच घेतो, म्हणून हवा गार होते. पण हवेत आधीच वाफ असेल तर पाणी उडणार कसं? ह्याची एक खालची मर्यादा असते, ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जिथे थांबतो ती, वेट बल्ब म्हणतो आम्ही. नागपूरच्या त्या 44 ला ती साधारण 23, पणजीच्या 33 ला 28. म्हणजे तिकडचा कूलर हवा 27-28 पर्यंत आणून देतो, इकडचा फार तर 29-30 ला आणेल आणि खोलीत आणखी दमटपणा भरेल. गोव्यात कूलर घेऊ नका, घेतला असेल तर नागपूरच्या बहिणीला पाठवून द्या. मातीच्या माठाचं पाणी आपल्याकडे तेवढं गार का होत नाही त्याचं कारण पण हेच.

आणि आपलं अंग म्हणजे पण एक कूलरच. माणूस स्वस्थ बसला तरी शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं, ती बाहेर गेलीच पाहिजे. नुसत्या घामावर भागवायचं तर तासाला 150 मिलीलिटर घाम उडून जायला हवा, उडून, टपकून नव्हे. पणजीत घाम येतो पण उडत नाही, टपकतो, आणि टपकलेला घाम काहीच उष्णता नेत नाही. पंखा हवा थंड करत नाही, उलट त्याची मोटर खोलीत 70-75 वॅट उष्णता सोडते, तो फक्त अंगाजवळची दमट हवा हटवून घामाला उडायला मदत करतो. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून 'खोली गार होऊ दे' म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, नुसता बघतो.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं ते आतून झिरपत नाही, हे मुलीला माहीत असेलच. त्या 33 डिग्री-70 टक्क्यांच्या हवेत 26-27 च्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर वाफेचं पाणी होतं. पण तिला हे विचारा, बाटलीवर 10 ग्रॅम पाणी जमलं तर बाटलीतल्या बियरचं काय होतं? 10 ग्रॅम वाफेने 24 किलोज्यूल सोडले, त्यातले बहुतेक काचेतून आत गेले, आणि 650 मिलीची बाटली तेवढ्याने साताठ डिग्री तापते. इकडे बियर लवकर कोमट का होते त्याचं फिजिक्स हे. म्हणून बाटलीला जाड कव्हर घालतात ते नखरा नाही.

एसीबद्दल अजून एक. एसी थंडी तयार करत नाही, थंडी नावाची वस्तूच नाही. एसी आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, उष्णता आपणहून उलटी जात नाही म्हणून कंप्रेसरला वीज द्यावी लागते. चांगला एसी एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता हलवतो, आणि बाहेरचं आउटडोअर ती उष्णता अधिक स्वतःची वीज असं सगळं मिळून फेकतं. फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर थंड करायला गेलात तर ते तापणारच, कारण फ्रिजची पुढची आणि मागची बाजू दोन्ही एकाच खोलीत आहेत. आउटडोअर अरुंद डक्टमध्ये कोंबलेलं असेल तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं आणि वीज खातं, नवीन बिल्डिंगांमध्ये हे फार बघतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे लहान खोलीला मोठा एसी. लोक म्हणतात गोवा आहे, दोन टनच टाका. मोठा एसी हवा पटकन 24 ला आणतो, थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं, ह्युमिडिटी कळत नाही, तो कंप्रेसर बंद करतो, कॉइलवर साचलेलं पाणी पंख्याने परत खोलीतच उडतं, आणि खोली होते गार पण चिकट, मग माणूस वैतागून 20 वर सेट करतो. कपाटातल्या चपलांवर, बेल्टवर बुरशी दिसली की समजा. बेताचा एसी जास्त वेळ चालतो आणि वाफ काढत राहतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, असेल तर हा त्रास कमी होतो पण दुप्पट मोठा घेतलात तर तोही काय करणार. 2020 पासून आपल्याकडे नवीन एसी चालू केला की 24 वरच सुरू होतो, माझं मत विचाराल तर हवा कोरडी असेल तर 26 आणि वर हळू पंखा, एवढ्यात कोणालाही झोप लागते. पावसाळ्यात ड्राय मोड वापरा. आणि एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका हो, त्यातलं प्रत्येक लिटर पाणी शेवटी एसीलाच बाहेर काढावं लागतं.

दोन किरकोळ गोष्टी मुलीसाठी. सकाळी पायाला फरशी गार लागते आणि चटई लागत नाही, दोन्हीचं तापमान एकच असतं, फरशी पायातली उष्णता भराभर ओढून घेते एवढंच. म्हणजे हाताला किंवा पायाला तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने जातेय किंवा येतेय ते कळतं. दुसरं, 40 डिग्री म्हणजे 20 च्या दुप्पट गरम असं कधीच लिहू नये. सेल्सिअसचा शून्य हा सोयीसाठी पाण्याच्या गोठण्यावर ठेवलेला आहे, खरा शून्य उणे 273.15 ला, तिथून मोजलं तर 20 म्हणजे 293 केल्विन आणि 40 म्हणजे 313, फरक जेमतेम 7 टक्के.

आणि तिला प्रॅक्टिकल करायचं असेल तर एसीच्या ड्रेन पाइपखाली रात्री बादली ठेवायला सांगा. सकाळी लिटर मोजा, प्रत्येक लिटरला 0.67 ने गुणा, तेवढे युनिट उष्णता एसीने नुसती वाफ काढण्यात खर्ची घातली. त्या उष्णतेला साधारण 3.5 ने भागलं की मीटरवर चढलेली वीज मिळेल. 10 लिटर जमलं तर पावणेसात युनिट उष्णता, म्हणजे जवळजवळ दोन युनिट वीज, आणि ह्यात तापमान एका डिग्रीने पण उतरलेलं नाही. मग एक रात्र बाथरूमचं दार आणि खिडकीच्या फटी नीट बंद करून परत मोजा. पाणी लादी पुसायला वापरा, पिऊ नका, कॉइलवरची धूळ-बुरशी त्यात असते.